न भेटता समेवर येणारी माणसं

प्रश्न : माझा मावसभाऊ विमा कंपनीत नोकरीला आहे. दिवसभर क्लेमच्या फायली आणि रात्री जेवणं आटोपली की पेटी काढून चाली लावणं, हा त्याचा कित्येक वर्षांचा नेम. गेल्या वर्षी त्यानं सहा गाणी रेकॉर्ड केली. तबला ठाण्यातल्या एकानं वाजवला, बासरी कोल्हापूरहून आली, गाणारी मुलगी कॅलिफोर्नियात. यातलं कुणीच कुणाला भेटलेलं नाही, तरी ऐकताना सगळे एका सतरंजीवर बसल्यासारखे वाटतात. हे जमतं कसं? आणि एरवी मोठ्या कलाकारांच्या साथीला बसणारे वादक एका हौशी माणसासाठी वेळ का काढतात?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ठाणे, कोल्हापूर आणि कॅलिफोर्निया यांनी एकाच वेळी वाजवलेलं नाही, हे आधी सांगायला हवं. तसं वाजवता येतच नाही. इंटरनेट कितीही वेगवान घेतलं तरी नाही. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर सुमारे साडेतेरा हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे तार नाकासमोर सरळ टाकली तरी तबल्याचा बोल तिकडे पोचायला किमान ६७ मिलिसेकंद लागणार, आणि त्यावर गायलेला सूर इकडे यायला आणखी तितकेच. आता मिनिटाला शंभर मात्रांची लय धरा. लग्गी लागली आणि एका मात्रेत आठ बोल बसले, तर दोन बोलांतलं अंतर होतं ७५ मिलिसेकंद. म्हणजे जाताना जवळजवळ एका बोलाचा उशीर, येताना आणखी एकाचा. तबलजी गायिकेसाठी थांबतो, गायिका तबल्यासाठी थांबते आणि लय बघता बघता बसते. एका खोलीतसुद्धा थोडा उशीर असतोच. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्यामुळे दहा मीटरवर बसलेल्या साथीदाराचं वाजवणं आपल्यापर्यंत पोचायला सुमारे ३० मिलिसेकंद लागतात. साधारण तिथपर्यंत माणसं एकमेकांना सांभाळून घेतात. त्यापलीकडे कसलेल्या वादकाचीही पंचाईत होते.

म्हणून तुमच्या मावसभावाच्या गाण्यात प्रत्येकानं आपापल्या घरी, आपापल्या वेळी, आधी कुणीतरी वाजवून ठेवलेल्यावर वाजवलं आहे. एकावर एक थर चढत गेले. हे तंत्र जुनं आहे. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल स्वतःच्याच वादनावर पुन्हा पुन्हा वाजवून थर रचत असे, आणि १९५७ साली ॲम्पेक्स कंपनीनं त्याच्यासाठी एकाच फितीवर आठ वेगळे ट्रॅक घेणारं यंत्र बनवलं. आपल्याकडे त्या सुमाराला गाणं म्हणजे सगळ्यांनी एकत्र जमणंच होतं. १९५५च्या एप्रिलमध्ये पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. गदिमांचं नवं गाणं आणि सुधीर फडक्यांची नवी चाल दर आठवड्याला तयार व्हायची, ५६ गाणी झाली, आणि गायक-वादक एका छताखाली बसल्याशिवाय त्यातलं एकही झालं नसतं. ध्वनिमुद्रण चालू असताना एकाचा हात चुकला तर सगळ्यांनी पहिल्यापासून, हा त्या काळचा शिरस्ता. थरांची सोय आल्यावर चूक ज्याची त्याच्यापुरती राहिली.

दूर राहणाऱ्या माणसांनी या सोयीचा पुरता फायदा घेतल्याचं एक छान उदाहरण आहे. लॉस एंजेलिसमधला जिमी टँबोरेलो आणि सिएटलमधला बेन गिबर्ड हे दोघं संगीताच्या फिती एकमेकांना टपालानं पाठवायचे. एकानं ठेका आणि वाद्यं भरायची, दुसऱ्यानं त्यावर गाणं रचून फीत परत धाडायची. त्यातून २००३ साली 'गिव्ह अप' हा अल्बम निघाला आणि जोडीचं नावच पडलं 'द पोस्टल सर्व्हिस'. आता पाकिटाच्या जागी फाइल आली, एवढाच फरक.

पण ही सोय फसवी आहे. एकत्र बसलेली मंडळी नजरेच्या इशाऱ्यावर शंभर गोष्टी ठरवतात. दूर बसलेल्यांसाठी त्या सगळ्या कुणीतरी आधी ठरवून ठेवाव्या लागतात, आणि ते काम रचनाकाराचं. मला विचाराल तर हौशी संगीतकाराची खरी परीक्षा इथे होते. चाल सुचणं ही देणगी असेल. पण दुसऱ्याच्या हातात ती अशी द्यायची की त्याला तिच्यात शिरता यावं, याला शिस्त लागते.

सुरुवात पट्टीपासून. गायिकेचा गळा पाहून काळी चार की पांढरी पाच हे ठरतं, पण तेवढ्यानं भागत नाही. घरातली पेटी नेमकी कुठे लागली आहे? आजची इलेक्ट्रॉनिक वाद्यं मध्य सप्तकातला धैवत (पांढरी एकला सा धरला तर) ४४० कंपनांवर धरून चालतात. जुनी पेटी ४४२वर असू शकते, त्याहून वरही असू शकते. पेटीचे सूर धातूच्या पट्ट्यांचे, ते बसल्या जागी बदलत नाहीत. सतार, व्हायोलिन, तानपुरा खुंट्या पिळून जुळवता येतात, बासरीवाला फुंकेनं थोडं वरखाली करतो, तबलजी हातोडीनं गजऱ्यावर ठोकून सूर हवा तिथे आणतो. पेटीवाला मात्र काहीच करू शकत नाही. म्हणून पेटी गाण्यात असेल तर ती आधी मोजायची आणि तो आकडा सगळ्यांना कळवायचा. पावसाळ्यात आणखी एक भानगड होते. दमट हवेत तबल्याचं कातडं सैल पडतं आणि सूर उतरतो. जुलैत एका बैठकीत अर्धा तबला आणि दोन दिवसांनी उरलेला वाजवला, तर जोड कानाला खुपते. गाण्याचा तबला शक्यतो एका दमात संपवावा.

मग लय. स्टुडिओत कानात टिक-टिक वाजते, तिला क्लिक म्हणतात. पाश्चात्त्य ढंगाच्या गाण्याला ती ठीक. भावगीतातल्या दादऱ्याला किंवा भजनी ठेक्याला नुसत्या टिक-टिकीनं एक कोरडेपणा येतो, कारण आपला ठेका मात्रांच्या मधल्या जागेत झुलतो आणि ते झुलणं क्लिकला माहीत नसतं. समजदार रचनाकार काय करतो, तर आधी तबलजीकडूनच साधा ठेका भरून घेतो आणि पुढच्या सगळ्यांच्या कानात क्लिकऐवजी तो ठेका देतो. तुमच्या भावाच्या गाण्यात सगळे एका सतरंजीवर बसल्यासारखे वाटतात याचं श्रेय, माझ्या अंदाजानं, त्या ठाण्याच्या तबल्याला आहे. त्याच्या डोलण्यावर बाकीचे डोलले. सुरुवातीला लय नसलेली आलापी असेल तर ती गायिकेनं नुसत्या तानपुऱ्यावर मोकळी गायची आणि नंतर चार मात्रा मोजून ठेक्याला वाट करून द्यायची.

तिसरी गोष्ट म्हणजे आराखडा. मुखडा किती वेळा, मध्ये म्युझिकचा पीस किती मात्रांचा, दुसरा अंतरा वेगळ्या चालीचा आहे का, तिहाई कुठे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत हे काम गोव्याहून आलेल्या वादकांनी फार मोठं केलं. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा या अरेंजर मंडळींनी संगीतकारानं गुणगुणलेलं पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवायचं आणि पन्नास-पन्नास वादकांपुढे कागद मांडायचे. हौशी माणसाला स्वरलिपी येत नसेल तर काही बिघडत नाही. आपल्याकडचे बहुतेक वादक सरगम लिहून घेतात किंवा सरळ म्हणतात, "गाऊन पाठवा." तेव्हा पीस स्वतःच्या आवाजात 'ला ला' करून गायचा, फोनवर टिपायचा आणि पाठवायचा. बेसूर असला तरी चालतो. किती मात्रांनी सुरू होतो आणि कुठे संपतो हे स्पष्ट हवं.

कोल्हापुरात अशाच एका गाण्याची बासरी भरली जात असताना मी हजर होतो. जागा म्हणजे राहत्या घरातली मागची खोली. कपाटाची दारं सताड उघडी, म्हणजे आतले कपडे आवाज शोषून घेतात. पंखा बंद. माइक फुंकेच्या छिद्रासमोर न ठेवता वीतभर वर आणि जरा बाजूला, कारण समोर ठेवला तर सुरापेक्षा वारा जास्त येतो. वादकाजवळ लांब पिशवीत डझनभर बासऱ्या, प्रत्येक पट्टीची वेगळी. रचनाकारानं मुखड्यानंतर आठ मात्रांचा पीस गाऊन पाठवला होता, पहिल्या मात्रेपासून भरगच्च. वादकानं तो आधी सांगितला तसा वाजवला. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, म्हणून परत वाजवला. मग म्हणाला, "हा त्यांचा झाला. आता एक माझ्या मनानं देतो." या खेपेला पहिल्या दोन मात्रा त्यानं सोडून दिल्या आणि तिसरीच्या निम्म्यावरून एकच लांब मींड घेत उरलेली ओळ अर्ध्या सुरांत म्हटली. त्या दोन रिकाम्या मात्रांत गायिकेचा शेवटचा शब्द छान विरला. गाण्यात पुढे तोच तुकडा राहिला. हे टपालानं ठरवून होत नाही. रचनाकारानं दोन्ही तऱ्हांनी पाठवा असं आवर्जून लिहिलं होतं, म्हणून झालं. ज्याला असं काम करायचं आहे त्यानं हे एक वाक्य प्रत्येक वादकाला लिहावं, असं माझं आग्रहाचं मत आहे.

तांत्रिक बाजू थोडक्यात. सगळ्यांनी आपली फाइल गाण्याच्या शून्य सेकंदापासून काढायची, बासरी पावणेदोन मिनिटांनी येत असली तरी. आधीची शांतता राहू द्यायची, म्हणजे जोडणाऱ्याला सगळ्या फाइली डावीकडे एका रेषेत लावल्या की झालं. फाइल वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट. अशी एका माइकची फाइल मिनिटाला सुमारे साडेआठ एमबी भरते, म्हणजे चार मिनिटांच्या गाण्याला ३५ एमबीच्या आसपास. एमपीथ्री करू नये. त्यात दर्जा उतरतो, आणि फाइलच्या सुरुवातीला काही मिलिसेकंदांची शांतता आपोआप चिकटते, तेवढ्यानं ठेका सरकतो. घुमारा, म्हणजे रिव्हर्ब, वादकानं स्वतः लावायचा नाही. तो शेवटी सगळ्यांना मिळून एकच लावला जातो, आणि वेगवेगळ्या घरांतले आवाज एका खोलीतले वाटण्याचं दुसरं कारण ते आहे.

गायिकेचा आवाज दोनदा घेतात. पहिल्यांदा कच्चा, म्हणजे वादकांना गाणं कळावं म्हणून. तो तुमचा भाऊ स्वतःही गाऊ शकतो. शेवटी, सगळी वाद्यं भरून झाल्यावर, पक्का. आधीच पक्का घेतला तर गायिका रिकाम्या घरात गायल्यासारखी गाते. बासरीनं सोडलेली जागा तिला ऐकू आली तर ती तिथे श्वास घेते, शब्द रेंगाळू देते.

तरीही, जमत असेल तर किमान तबला आणि गाणं एका खोलीत घ्यावं. समेच्या आधी गायिका जे किंचित ओढते आणि तबलजी हसून जे देतो, ते दोन शहरांत मिळत नाही. पुढच्या एखाद्या गाण्यासाठी तरी तुमच्या भावानं हा योग जुळवून आणावा.

आता वादक वेळ का काढतात, याबद्दल. पैशाचं आधी बोलू. या मंडळींचं पोट वाजवण्यावर आहे. 'मित्रच आहे, घेईल समजून' हा विचार चुकीचा आहे. मानधन लहान असलं तरी काम सुरू होण्याआधी ठरवावं आणि फाइल हातात पडताच द्यावं. पण केवळ मानधनासाठी कुणी रात्री अकराला चौथा टेक देत नाही. मोठ्या कार्यक्रमात साथीदाराला ठरलेलं ठरल्याप्रमाणे वाजवायचं असतं, लोकांना ओळखीचा पीस हवा असतो. हौशी रचनाकाराच्या गाण्यात ओळखीचं काहीच नाही, बाजाराची घाई नाही, आणि 'तुम्हाला काय वाटतं?' असं विचारणारा माणूस आहे. चांगल्या वादकाला याची भूक असते. खेड्यात इरजीक घालतात, एकाच्या शेतावर सगळे आपापली बैलजोडी घेऊन येतात आणि दिवसभर राबतात, तसा काहीसा हा प्रकार आहे. आज तबलजीनं तुमच्या भावासाठी वाजवलं. उद्या त्याच्या मुलीच्या अरंगेत्रमची पत्रिका तुमचा भाऊ लिहून देईल किंवा त्याच्या विम्याचे कागद नीट लावून देईल.

नोकरी सांभाळून रचना करणाऱ्यांच्या मागे संगीतातली माणसं उभी राहिल्याचे मोठे दाखले आहेत. रशियाचा अलेक्झांडर बोरोदिन पेशानं रसायनशास्त्राचा प्राध्यापक, सेंट पीटर्सबर्गच्या वैद्यकीय अकादमीत. 'प्रिन्स इगोर' हा त्याचा ऑपेरा वर्षानुवर्षं रखडलेला. १८७९च्या एका मैफलीत त्यातली नृत्यं वाजवायचं ठरलं आणि वाद्यमेळ काही लिहून होईना. तेव्हा त्याचे मित्र रिम्स्की-कोर्साकोव आणि ल्यादोव रात्री त्याच्याकडे जाऊन बसले आणि तिघांनी मिळून पेन्सिलीनं पानं भरली. पेन्सिल पुसली जाऊ नये म्हणून रसायनशास्त्रज्ञानं पानांना पातळ जिलेटिनचा हात दिला, आणि ती धुतलेल्या कपड्यांसारखी दोरीवर वाळत घातली. रिम्स्की-कोर्साकोव यांनी आपल्या आठवणींत हे सांगितलं आहे. १८८७ साली बोरोदिन गेला तेव्हा ऑपेरा अपुराच होता. रिम्स्की-कोर्साकोव आणि ग्लाझुनोव यांनी तो पुरा केला आणि १८९० साली तो रंगमंचावर आला.

विम्याचा धंदा सांभाळणारा रचनाकारही होऊन गेला आहे, तुमच्या भावाला हे आवडेल. न्यूयॉर्कचा चार्ल्स आइव्ह्‌ज. दिवसा भागीदारीतली विम्याची पेढी, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी संगीत. त्याची तिसरी सिंफनी तीन दशकांहून अधिक काळ तशीच पडून होती. लू हॅरिसन या तरुण संगीतकारानं तिच्या प्रती नीट केल्या आणि १९४६ साली स्वतः ती वाजवून घेतली. पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं आणि आइव्ह्‌जनं निम्मी रक्कम हॅरिसनला दिली. आपल्याकडे वसंतराव देशपांडे कितीतरी वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करत होते. फायलींमुळे गाणं अडत नाही, एवढं या तिघांकडे पाहून म्हणता येतं.

प्रश्न : वरच्यासारखाच उद्योग आम्ही चार मैत्रिणी करत आहोत. कविता आमच्या आवडीच्या कवींच्या, चाली आमच्या. गाणी लोकांपुढे आणायची तर परवानग्या कुणाच्या लागतात? आणि आमच्यातल्या एकीलाही नोटेशन येत नाही, तर चालीवर आमचा हक्क कसा सिद्ध होणार?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नोटेशनची चिंता सोडा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकाराची जी व्याख्या आता आहे, तिच्यात संगीत स्वरलिपीत लिहिलेलं असलंच पाहिजे अशी अट नाही. चाल तुमची असेल तर ती तुमचीच. तारखेसह फोनवर टिपलेली पहिली गुणगुण मात्र जपून ठेवा, वाद झाला तर ती उपयोगी पडते.

कवितांचं पाहा. कवीच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं हक्क राहतो. संतांचे अभंग मोकळे आहेत. केशवसुत १९०५ साली गेले, बालकवी १९१८ साली. त्यांच्या कविता मोकळ्या. भा. रा. तांबे १९४१ साली गेले, त्यांची मुदत २००१च्या अखेरीस संपली. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. तांबे गेले त्याच वर्षी रवींद्रनाथ ठाकूरही गेले होते, आणि त्यांच्या साहित्याची मुदत संपत आली तेव्हा ती ६० वर्षांची करण्यात आली. बहिणाबाईंची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली छापली गेली, म्हणून तिथे छापल्याच्या वर्षापासून मोजायचं. तीही मुदत २०१२ अखेर सरली. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणजे त्यांच्या कवितेला चाल लावून गाणं प्रसिद्ध करायचं तर २०५९ अखेरपर्यंत हक्कदारांची लेखी परवानगी लागेल. घरगुती मैफलीत गाऊन आधी खात्री करून घ्या आणि मग पत्र लिहा. चाल पाठवून विचारलं तर उत्तर लवकर येतं, असा माझा अनुभव आहे.

एका ठिकाणी मात्र पुष्कळ जणांची गफलत होते. अभंग तुकोबांचा, म्हणून तो मोकळा. पण त्याची श्रीनिवास खळ्यांनी लावलेली चाल मोकळी नाही. खळे २०११ साली गेले, तेव्हा त्या चालीवरचा हक्क २०७१च्या अखेरीपर्यंत आहे. शब्द घ्या, चाल स्वतःची लावा.

ध्वनिमुद्रणाचा हक्क ज्यानं पुढाकार घेऊन, जबाबदारी पत्करून ते करून घेतलं त्याचा, म्हणजे तुम्हा चौघींचा. पण वादकांचेही हक्क आहेत. त्यांच्या वादनावर त्यांचा ५० वर्षांचा हक्क असतो, आणि आपलं नाव दिलं जावं असा आग्रह धरण्याचा अधिकार कायद्यानं त्यांना दिला आहे. तेव्हा प्रत्येक वादकाकडून साध्या मराठीत एक पानभर संमतीपत्र घ्या : कोणतं गाणं, काय वाजवलं, मानधन किती, गाणं कुठे कुठे लावणार, पुढे उत्पन्न झालं तर वाटणी कशी. आणि गाण्याखाली नावं देताना टाळ वाजवणाऱ्या मुलाचंही नाव द्या, वाद्यासकट.